बॅकअप कशावर ठेवायचा : सीमाभागातल्या नवख्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्या डीटीपीच्या दुकानात आले. ओली छत्री दाराशी उभी केली आणि खिशातून रुमाल काढला. रुमालात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कुंकवाची रिकामी डबी आणि डबीत कापसावर ठेवलेली पेन ड्राइव्ह. "ताई, ह्यात आमच्या शाळेच्या स्मरणिकेचं सगळं मॅटर हाय. जुने फोटो, माजी विद्यार्थ्यांची मनोगतं, सगळं. तेवढं लावून द्या की."

ड्राइव्ह लावली. पडद्यावर प्रश्न आला : ही ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या पोर्टात लावली, मग दुसऱ्या मशीनला लावली. तोच प्रश्न. गुरुजींनी ती पाच वर्षं देवघराच्या कपाटात ठेवली होती, मधे एकदाही कुठं लावली नव्हती. मूळ कॉम्प्युटर दरम्यान भंगारात गेला होता. "पण मी जपून ठेवली होती की हो," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं दोन दिवसांनी काही फोटो परत दिले. मनोगतं आली नाहीत. ती लिहिणाऱ्यांतले तिघे आता हयात नाहीत.

त्या डबीमुळं हे लिहायला बसले आहे. गुरुजींचा जपण्यात काही कसूर नव्हता. कागद असाच जपतात आणि तो पन्नास वर्षं राहतो. पण ड्राइव्ह नुसती ठेवून टिकत नाही. प्रत्येक साधन आपापल्या कारणानं मरतं. ते कारण माहीत असलं की कुठं काय ठेवायचं ते आपोआप कळतं.

आपल्या पट्ट्यात याची निकड जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. 1956 नंतर सरकारी कागद हळूहळू कन्नडमध्ये गेला. मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं आपल्या घरांत, शाळांत आणि मंडळांत आहे : इतिवृत्तांच्या वह्या, कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, आजोबांच्या ट्रंकेतले मोडीतले दस्त. आता ते स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर येतंय, चांगलं आहे. पण एका हार्ड डिस्कवर येऊन तिथंच थांबलं तर ट्रंक बरी होती. (त्याच 1956 साली आयबीएमनं जगातली पहिली हार्ड डिस्क आणली. 24 इंचांच्या 50 तबकड्या, आणि सगळ्या मिळून माल मावायचा 5 एमबीच्या आत. आज मोबाइलवरच्या एका फोटोला तेवढी जागा लागते.)

पहिली पायरी : आधी मोजा

"बॅकअपला काय देता?" असं दुकानात जाऊन विचारू नका. दुकानदार समोर असेल ते देईल. आधी घरी बसून आपल्याकडं काय आहे ते बघा.

विंडोज, सॉफ्टवेअर, डाउनलोड केलेले सिनेमे पुन्हा मिळतात, ते सोडून द्या. टॅलीच्या नोंदी, बिलं, कोटेशनं पुन्हा करता येतात, पण महिना जातो. आणि काही गोष्टी पुन्हा कधीच मिळत नाहीत : फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग, स्वतः लिहिलेलं, स्कॅन केलेले उतारे आणि खरेदीखतं. या शेवटच्या प्रकारासाठी 'जपायचं' नावाचा एक फोल्डर करा आणि सगळं त्यात आणा. डेस्कटॉपवर पसरलेलं, डाउनलोडमध्ये राहिलेलं, मोबाइलमधलं, सगळं. या कामाला एक अख्खा रविवार जातो, जाऊ दे. मग फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, आकडा दिसेल.

बहुतेकांना तो आकडा बघून आश्चर्य वाटतं. माझं वीस वर्षांचं मराठी टायपिंगचं काम, पुस्तकं, पत्रिका, स्मरणिका सगळं धरून, पाच जीबीच्या आत बसतं. घरचे दहा हजार फोटो साधारण चाळीस-पन्नास जीबी होतात. व्हिडिओचं गणित मात्र वेगळं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांचं एकेका लग्नाचं दीडशे-दोनशे जीबी सहज होतं.

आकडा आला की त्याच्या तिप्पट जागेचं साधन घ्या, दोन-तीन वर्षांची वाढ त्यात बसते. आणि 1 टीबीची डिस्क लावल्यावर 931 जीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. डिस्क तीच आहे.

दुसरी पायरी : कोण कशानं मरतं ते ओळखा

हार्ड डिस्क. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत फिरतं. धुळीचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून चालू असताना टेबलावरून पडली किंवा कुणी वायर ओढून पाडली, की डोकं तबकडीला घासू शकतं आणि सगळं संपतं. बंद असताना ती बरीच सोसते. तिची दुसरी खोड म्हणजे ती हळूहळू मरते आणि बहुधा मरण्याआधी सांगते : कॉपी अडखळते, एखादा फोल्डर उघडायला मिनिट लागतं, टक्-टक् असा आवाज येतो. ऐकणारा असेल तर वेळ मिळतो. तीन ते पाच वर्षं रोजच्या वापरातली हार्ड डिस्क धरून चालावी, नंतरची वर्षं नशिबाची. पैशाच्या मानानं जागा सगळ्यात जास्त हिच्यातच मिळते. घरात किंवा दुकानात मुख्य बॅकअपसाठी मी आजही हीच घ्यायला सांगते.

दोन बारीक गोष्टी. टक्-टक् आवाज दर वेळी मरणाचाच असतो असं नाही; कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाला वीज कमी पडते तेव्हाही येतो. मागच्या पोर्टात आखूड वायरनं लावून एकदा बघा, एकदाच. आणि मोठी कॉपी सुरुवातीला धावते नि मग मंदावते, तेव्हा घाबरू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कांत डाटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. लिहायला त्यांना वेळ लागतो, पण बॅकअपला चालतात.

एसएसडी. हिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी बहुतेकदा काही होत नाही आणि वेग दांडगा. म्हणून कॉम्प्युटरच्या आत ती उत्तम. पण डाटा तिच्यात सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार झिरपत जातो. उष्णतेनं जास्तच. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट अशी आहे की लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपलेल्या एसएसडीनंही वीज नसताना 30 अंशांत 1 वर्ष डाटा धरावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त धरते. तरीही कपाटात घालून विसरायची ही वस्तू नव्हे. आणि मरते तेव्हा अनेकदा न सांगता मरते : काल चालत होती, आज दिसतच नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. जात एसएसडीचीच, पण स्वस्तातल्या चिपची. कागदपत्र इकडून तिकडं न्यायला ठीक आहे, माझ्या दुकानात रोज वीस येतात. बॅकअप म्हणून मात्र मी हिचं नावही यादीत धरत नाही. गुरुजींची ड्राइव्ह अशीच गेली : साधी चिप, पाच वर्षं वीज नाही, पाच उन्हाळे पत्र्याच्या छताखाली. कुणाची चूक शोधायला जावं तर ती एवढीच की हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यात खोट्या ड्राइव्हचा बाजार. रस्त्याकडेला, जत्रेत, ऑनलाइन सेलमध्ये 2 टीबीची पेन ड्राइव्ह चारशे रुपयांत मिळते. तिच्यात चिप असते 8 किंवा 16 जीबीची, आणि तिचा नियंत्रक, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलणारा आतला भाग, 2 टीबी आहे असं खोटं सांगतो. फाइलींची नावं सगळी दिसतात, जागा बरोबर दिसते, पण चिपच्या पलीकडं टाकलेलं कुठंच लिहिलं जात नाही किंवा आधीच्यावर चढतं. मागच्या महिन्यात एका मुलीनं नवं कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. वर 512 छापलेलं, कडा खडबडीत, छपाईतलं 'जी' अक्षर जरा तिरकं. तपासल्यावर 32 च्या थोडं अलीकडंच त्यानं मान टाकली. तिनं घरच्या बारशाचे फोटो त्यात टाकून फोन मोकळा करायचा बेत केला होता. थोडक्यात वाचले ते फोटो.

सीडी-डीव्हीडी. दोन हजारच्या दशकात लग्नाचे अल्बम डीव्हीडीवर दिले गेले, त्या आता माझ्याकडं येतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा सेंद्रिय थर असतो, लेझर त्याच्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्या थराला मारते. खानापूरच्या पश्चिमेला, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडं चार महिने भिंतीसुद्धा सुकत नाहीत. तिकडच्या घरांतून आलेल्या डिस्कांवर बुरशीची पांढरी जाळी धरलेली असते, उजेडात तिरकी धरली की नक्षीसारखी दिसते. वरची बुरशी मऊ ओल्या कापडानं मधून बाहेर, सरळ रेषेत पुसली तर कधीकधी निघते. आत शिरली असेल तर इलाज नाही. सीडीचा एक धोका लोकांना माहीत नसतो : तिचा डाटा खालच्या चकचकीत बाजूला नव्हे, वरच्या लेबलच्या अगदी खाली असतो. बॉलपेननं नाव लिहिलंत की तिथं जखम. डीव्हीडीत डाटा दोन थरांच्या मधे असतो, म्हणून ती जरा बरी.

एम-डिस्क नावाची एक वेगळी डिस्क आहे, तिच्यात सेंद्रिय रंग नसतो, दगडासारखा थर असतो. कंपनीचा दावा हजार वर्षांचा. हजार वर्षं कुणी बघितलीत? पण उन्हा-दमटाला ती साध्या डीव्हीडीपेक्षा जास्त टिकते, हे तिच्या रचनेवरून पटतं. अडचण वेगळीच आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाच उरलेली नाही आणि सोनीनं फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कचं, उत्पादन बंद केलं. डिस्क टिकली तरी वाचणारं यंत्र टिकेल का, हा प्रश्न आज विचारायला हवा. वाचनालयानं किंवा संस्थेनं एक जादा कॉपी म्हणून ती जरूर करावी आणि सोबत बाहेरून लावायचा एक रायटरही जपून ठेवावा.

टेपचं एका वाक्यात सांगते : बँका आणि मोठ्या कंपन्या चुंबकीय टेपवर ठेवतात, ती तीस वर्षं टिकते असं म्हणतात, पण तिचा ड्राइव्हच लाखांत जातो, तो आपला विषय नाही.

क्लाउड. आपला पूर आणि आपली आग तिथं पोचत नाही, हा त्याचा मोठा गुण. गूगल 15 जीबी फुकट देतं, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही बसतात. दोन गोष्टींनी मात्र लोक फसतात. पहिली, फोनमधल्या गूगल फोटोज अॅपात फोटो पुसला की जोडलेल्या खात्यातूनही तो जातो, कारण ते अॅप दोन्हीकडं एकसारखं ठेवायचं काम करतं. कचरापेटीत काही आठवडे राहतो, मग संपला. दुसरी, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. हा नियम 2023 च्या डिसेंबरपासून लागू आहे. वडिलांच्या माघारी त्यांच्या खात्यात कुणी शिरलंच नाही तर त्यातले फोटोही जाणार. पासवर्ड घरच्या डायरीत लिहून ठेवा, आणि डायरी कुठं आहे ते दोघांना सांगा.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तिथला फोटो दाबून लहान केलेला असतो. मोठा छापायला घेतला की चेहरे पिठासारखे दिसतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरी पायरी : जोडी ठरवा

यातलं सगळ्यात विश्वासाचं कोणतं, असं विचाराल तर एकटं कोणतंच नाही. विश्वास जोडीवर ठेवायचा. फोटोग्राफर मंडळींनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम त्यासाठीच आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कॉम्प्युटरमधली मूळ प्रत तिनात धरली जाते, म्हणजे खरेदी दोनच गोष्टींची.

साध्या घराला : एक पोर्टेबल हार्ड डिस्क आणि क्लाउडमध्ये फक्त 'जपायचं' फोल्डर. एवढं पुरतं.

टॅलीवाल्या दुकानदाराला : रोज रात्री डाटा क्लाउडमध्ये आणि आठवड्यातून एकदा हार्ड डिस्कवर. टॅलीचा डाटा लहान असतो, जागेची चिंता नाही. पण आजच्याच फाइलीवर उद्याची चढवू नका. तारखेचा फोल्डर करून निदान चार आठवड्यांच्या प्रती ठेवा. बिघडलेली फाइल कॉपी झाली तर मागची तरी हाताशी असेल.

शूटिंगवाल्यांनी दोन हार्ड डिस्का घ्याव्यात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. एकाच खोक्यातल्या दोन डिस्का एकाच आठवड्यात गेलेल्या मी पाहिल्यात. गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर अल्बम दिला म्हणून आपली प्रत लगेच पुसू नका. निदान वर्षभर ठेवा आणि किती दिवस ठेवणार ते पावतीवर छापा. पहिल्या दिवाळसणाला जावई आले की लोक अल्बम मागायला येतात, हा माझा अनुभव आहे. उद्यमबागच्या कारखान्यांत डिझाइनचं काम करणाऱ्यांनाही हेच, फक्त डिस्क शॉपफ्लोअरवर नको. धातूची भुकटी आणि थरथर दोन्ही तिला सोसत नाहीत.

वाचनालयं, शाळा, मंडळं यांनी वर एक एम-डिस्क करावी, आणि कमिटी बदलली की साधनं आणि पासवर्ड नव्या सेक्रेटरीकडं सही घेऊन द्यावेत. संस्थांचा डाटा डिस्क उडण्यापेक्षा माणसं बदलण्यानं जास्त हरवतो.

चौथी पायरी : घेताना आणि घेतल्यावर लगेच

बिल घ्या. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतला डाटा नाही. हे आधीच डोक्यात पक्कं करा. सीलबंद खोकं घ्या आणि खोक्यावरचा सीरियल नंबर डिस्कवरच्याशी जुळवा.

घरी आल्यावर काहीही टाकण्याआधी दोन परीक्षा घ्या. पेन ड्राइव्ह किंवा कार्ड असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर लावा. ते पूर्ण जागा भरून लिहितं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. खोटा माल इथं उघडा पडतो. मोठ्या ड्राइव्हला तासन्‌तास लागतात, रात्री लावून झोपा, पण यूपीएसवर. हार्ड डिस्क किंवा एसएसडीला क्रिस्टलडिस्कइन्फो हे तिची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावा. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच डाटा काढा. हार्ड डिस्कमध्ये खालच्या यादीत रीअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल या तीन ओळींचा 'रॉ व्हॅल्यूज' हा रकाना बघा. नव्या डिस्कला तिन्हीकडं शून्यच हवं. नसेल तर त्याच दिवशी परत करा. हीच तपासणी पुढं दर सहा महिन्यांनी करायची आहे, म्हणून आजच पडद्याचा एक फोटो काढून ठेवा, तुलना करायला बरं पडतं.

पाचवी पायरी : कॉपी

नवी ड्राइव्ह फॉरमॅट करताना प्रकार निवडावा लागतो : फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस, मॅकवरही लावणार असाल तर एक्सफॅट. फॅट-32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, व्हिडिओ तिथंच अडतो.

नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर पोचलेली फाइल बरोबर आहे का ते विंडोज बघत नाही. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'व्हेरिफाय'वर खूण करा. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, लागू दे.

आपल्याकडं वळवाच्या पावसात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. ती येताना जो झटका देते त्यानं कॉपी अर्धी राहते आणि डिस्कची अनुक्रमणिका बिघडते. आभाळ भरून आलं असेल तर मोठी कॉपी सुरूच करू नका. झाल्यावर 'सेफली रिमूव्ह' करा, दिवा विझू द्या, मगच वायर काढा.

आणि काढाच. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवली तर कॉम्प्युटरवर येणारं संकट तिच्यावरही येतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे व्हायरस जोडलेल्या डिस्काही सोडत नाहीत. ड्रॉवरमध्ये पडलेल्या डिस्कला त्यांचा हात पोचत नाही.

सहावी पायरी : ठेवायची कुठं

घरातल्या प्रतीला घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बूट, पर्समध्ये येतात त्याच. दाणे निळे असतील तर त्यांचा रंग बदलला की डबा पावसाळी झाला समजा आणि पुड्या बदला. गॅसजवळ नको, पत्र्याखाली नको, खिडकीशी नको, तळाच्या कप्प्यात तर मुळीच नको.

बाहेरच्या प्रतीबद्दल आपल्या भागाला खास विचार करावा लागतो. आपल्यातल्या बहुतेकांचे पाहुणे कोल्हापुरात असतात, म्हणून सहज सुचतं की एक डिस्क कोल्हापूरला ठेवू. 2019 चा ऑगस्ट आठवा. इकडं निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा चढल्या त्याच दिवसांत कोल्हापुरात पंचगंगा चढली होती. घाटावरचा एकच पाऊस या सगळ्या नद्यांना एकाच वेळी फुगवतो. माझ्या आत्याचं घर वेदगंगेच्या काठच्या गावात आहे. तिच्या मुलानं कॉम्प्युटर माळ्यावर चढवला आणि बॅकअपची डिस्क भिंतीतल्या कपाटात विसरली. पाणी उतरल्यावर ती गाळातून निघाली. सुदैवानं कॉम्प्युटर वाचला होता. पण दोन्ही एकाच घरात होते, पाणी हातभर जास्त आलं असतं तर काहीच उरलं नसतं. नदीकाठी घर असेल तर दुसरी प्रत पुणे, हुबळी किंवा नदीपासून दूर, उंचावरच्या वस्तीत ठेवा. एकाच पुरात दोन्ही सापडणार नाहीत अशी. हार्ड डिस्क पाठवायची तर बंद करून, मऊ कपड्यांच्या मधे घालून, जाणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

डिस्कवर चिठ्ठी चिकटवा : काय आहे, कोणत्या तारखेचं, पासवर्ड कुणाकडं.

सातवी पायरी : उघडून बघा, आणि फाँटचं विसरू नका

वर्षातून दोन दिवस ठरवा. एक 31 मार्च. दुकानाचं वर्ष त्या दिवशी संपतंच आणि जागतिक बॅकअप दिनही तोच असतो. दुसरा खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतो, डबा काढून डिस्काही मांडायच्याच असतात. हळदीकुंकू वरच्या कव्हरला लावा, पोर्टच्या खाचेत जाऊ देऊ नका. पूजा झाल्यावर प्रत्येक डिस्क लावा, क्रिस्टलडिस्कइन्फो बघा, आणि दहा-बारा फाइली खरोखर उघडा. जुन्यातल्या जुन्या काही, नव्यातल्या नव्या काही. फोल्डरची नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. पाच वर्षं झालेली डिस्क दुय्यम करा आणि नवीवर सगळं हलवा.

फाइल उघडली आणि तिच्यात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंसांची खिचडी दिसली तर? हे माझ्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांमध्ये 'क' च्या जागी आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो, फाँट नसला की मराठी गायब. वीस वर्षांपूर्वीची पेजमेकरमधली स्मरणिका डिस्कवर शाबूत असते आणि तरी वाचता येत नाही. म्हणून आज, जुनं सॉफ्टवेअर कुठंतरी चालतंय तोवर, अशा प्रत्येक फाइलीच्या तीन गोष्टी करून ठेवा : फाँट आत बसवलेली पीडीएफ, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, बदललेला मजकूर, आणि मूळ फाइल तिच्या फाँटसह त्याच फोल्डरमध्ये. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरकडून जोडाक्षरं आणि रफार चुकतात, एकदा डोळ्यांखालून घाला. गुरुजींच्या परत आलेल्या फोटोंबरोबर आम्ही आता नवी मनोगतं घेतोय, पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, आणि तिसरी प्रत त्यांच्या पुण्याच्या मुलीकडं जाते.

डिस्क टकटक करायला लागली तर

बंद करा. मागच्या पोर्टाची ती एकच परीक्षा झाली असेल तर पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक वेळी डोकं तबकडीला घासत असेल. फ्रिजमध्ये ठेवायचा, हातानं ठोकायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, आणि स्क्रू उघडून आत बघू नका. आतला डाटा दुसरीकडं कुठंच नसेल तर डाटा रिकव्हरीचं काम खरंच करणाऱ्याकडं न्या. खर्च हजारांत जातो आणि खात्री कुणी देत नाही, आधी लेखी अंदाज घ्या.

दुसरी प्रत असेल तर डब्यातून काढा, पण तिच्यावर लगेच काम सुरू करू नका. आता ती एकुलती एक आहे. आधी नवी डिस्क आणा, तिच्यावर पूर्ण कॉपी करा, व्हेरिफाय होऊ द्या, दुसरी परत डब्यात ठेवा. मग नव्या डिस्कवरून काम सुरू करा.